मुख्याध्यापकांना शिकवण्याआधी मागच्या बाकावर बसा

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत सहा वर्षे गणित शिकवले असून सध्या बिनपगारी रजा घेऊन एम.एड.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांना अभ्यासक्रमाची आखणी व अध्यापनातील सुधारणा या विषयांचे प्रशिक्षण देण्याचे काम मला करायचे आहे. माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते म्हणतात, ‘अशा प्रशिक्षणाला लोक सही आणि जेवणापुरते जातात.’ या क्षेत्रात खरोखर करिअर आहे का? एम.एड.नंतर लगेच पीएच.डी. करावी की शाळेत परत जावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांचे म्हणणे कटू असले, तरी ते अनुभवाचे आहे आणि ते बाजूला सारून पुढे जाऊ नये, असे मला वाटते. 1981च्या महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी नियमावलीनुसार माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापकपद मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते, पदवी, बी.एड. आणि किमान 5 वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, परंतु इतरांचे अध्यापन कसे पाहावे व कसे सुधारावे याचा अभ्यास झालेला असावा, अशी अट त्यात नाही. काल वर्गात शिकवणारी व्यक्ती आज खुर्चीवर बसते आणि पहिल्याच आठवड्यात संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकपदांची मंजुरी), यू-डायस (शाळेची माहिती भरण्याची राष्ट्रीय प्रणाली), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) व पोषण आहाराच्या नोंदी यांत बुडून जाते. या कामांत चूक झाली तर खुलासा मागवला जातो. पाचवीच्या निम्म्या मुलांना अपूर्णांक आले नाहीत म्हणून कोणी खुलासा मागवल्याचे मी तरी ऐकलेले नाही. प्रशिक्षणातही मग माहिती भरण्याच्या सूचनाच अधिक होतात आणि माणसे सहीपुरती येऊ लागतात.

वास्तविक दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेतील राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राने तयार केलेल्या आराखड्यात मुख्याध्यापकाच्या कामाची सात क्षेत्रे सांगितली आहेत आणि प्रशासन हे त्यांपैकी केवळ एक आहे; अध्ययन-अध्यापनाच्या प्रक्रियेत बदल घडवणे हे स्वतंत्र क्षेत्र आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तास आहेत, आराखडा आहे. त्या तासांत काय करावे हे जाणणारी माणसे कमी आहेत, म्हणून आपल्या कामाला वाव आहे.

आता ‘अभ्यासक्रमाची आखणी’ या शब्दांविषयी. आपल्या राज्यात मुख्याध्यापक अभ्यासक्रम लिहीत नाही. तो राज्य पातळीवर ठरतो आणि राज्य मंडळाच्या शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके बालभारतीची असतात. मग त्याच्या हातात उरते काय? बरेच काही उरते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस आणि 1000 अध्यापन तास ठरवून दिले आहेत. त्यांतले क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन आणि सर्वेक्षणे यांत किती जातात, उरलेल्या तासांत कोणत्या घटकाला आठ तासिका द्याव्यात आणि कोणता तीनमध्ये उरकावा, घटक चाचणीचे प्रश्न पाठांतर तपासतात की अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलांना प्रत्यक्ष काय यायला हवे ते, हे ठरवणे म्हणजेच शाळेच्या पातळीवरची आखणी होय. वार्षिक नियोजनाची वही मात्र बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीची उतरवून काढलेली असते, हे आपणही पाहिले असेलच.

अध्यापनातील सुधारणेविषयी एक उदाहरण देतो, कारण सारे काम त्यात दिसते. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी पाचवीच्या गणिताचा तास मागच्या बाकावर बसून पाहिला. बाईंनी 1/2 आणि 1/3 यांची बेरीज फळ्यावर नीट करून दाखवली, उत्तर 5/6 आले, पुढच्या दोन बाकांवरून ‘हो’ असा गजर झाला. माझ्या शेजारच्या सहा मुलांच्या वह्यांत मात्र 2/5 लिहिलेले होते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून ती मोकळी झाली होती. मुख्याध्यापकांनी लॉगबुकात, म्हणजे पाहिलेल्या तासांच्या नोंदवहीत, शेरा लिहिला : ‘पाठ चांगला झाला. फळ्याचा वापर योग्य. वर्गनियंत्रण उत्तम.’ शेरा खोटा नव्हता, पण त्या सहा मुलांचा त्यात पत्ता नव्हता. नंतर आम्ही तिघे बसलो, तेव्हा मी बाईंना एवढेच विचारले, ‘दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान, असे या मुलांना विचारले तर?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाच्या पट्ट्या घेऊन तो प्रश्न वर्गात टाकला आणि अर्ध्यात काही मिळवल्यावर ते अर्ध्यापेक्षा कमी कसे होईल, यावर मुलांचीच जुंपली. मुख्याध्यापकाला शिकवायचे आहे ते हे : शिक्षकापेक्षा मुलांच्या वहीकडे पाहणे, दिसले ते जसेच्या तसे टिपणे आणि शिक्षकाचा मान राखून त्यावर बोलणे. यांतले तिसरे सर्वांत कठीण आहे, कारण कालपर्यंत शिक्षक-कक्षात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याशी ते बोलायचे असते.

पदांविषयी स्पष्ट सांगतो : या नावाची जाहिरात आपल्याला फारशी दिसणार नाही, काम विखुरलेले आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डायट, आणि पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद येथे हे काम चालते. शासकीय पदांची सरळसेवा भरती लोकसेवा आयोगामार्फत होते, पण तिच्यासाठी वाट पाहण्याची तयारी हवी. पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी शाळांत शैक्षणिक समन्वयकाची पदे असतात, तेथे पगार बरा आणि कामाचा ताणही तेवढाच. शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्था डायटबरोबर व केंद्रप्रमुखांबरोबर (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) काम करण्यासाठी माणसे घेतात. तेथे फिरती असते, नोकरी बहुधा प्रकल्पाच्या मुदतीची असते, पण शिकायला सर्वाधिक तेथेच मिळते.

पीएच.डी. लगेच करू नका. सहा वर्षांचा अनुभव वर्ग सांभाळण्याचा आहे, शाळा सांभाळण्याचा नाही, आणि पंचवीस वर्षे सेवा झालेले मुख्याध्यापक हा फरक पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात. शाळेत परत जा, वेळापत्रक किंवा परीक्षा विभागाची जबाबदारी मागून घ्या, महिन्यातून दोन सहकाऱ्यांचे तास त्यांच्या संमतीने पाहा आणि आपलाही तास त्यांना पाहू द्या. त्याच काळात इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाची पदव्युत्तर पदविका दूरस्थ पद्धतीने करता येईल. नीपाचा शालेय नेतृत्वाचा ऑनलाइन अभ्यासक्रमही पाहावा. चार-पाच वर्षांनी संशोधनाचा प्रश्न आपल्याला शोधावा लागणार नाही.

तोवर एम.एड.चा लघुशोधप्रबंध हाताशी आहे. विषय अजून नक्की झाला नसेल, तर चार-पाच शाळांच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, नावे झाकून, एका वर्षाच्या लॉगबुकातील शेरे उतरवून घ्या. किती शेरे फळा, टाचण (पाठाची लेखी तयारी) आणि शिस्त यांविषयी आहेत आणि किती मुलांच्या शिकण्याविषयी, याची वर्गवारी करा. पहिली वही वडिलांच्याच जुन्या शाळेतील मिळाली तर उत्तम. शेरे वाचताना त्यांनाही शेजारी बसवा.