नकली निघालेली बॅग विकून मोकळं व्हावं का?

प्रश्न: प्रतापनगर, नागपूर इथल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला इन्स्टाग्रामवरच्या मुंबईच्या एका विक्रेतीकडून लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच कंपनीची 'स्पीडी' बॅग ४२,००० रुपयांना घेतली. 'बहिणीने २०२३ मध्ये दुबईहून आणलेली, दोनदाच वापरलेली' असं ती म्हणाली. बिल दिलं नाही, 'ऑथेंटिसिटी कार्ड' दिलं. मेच्या उन्हात हँडलचे पापुद्रे निघाले. आता ती पैसे देत नाही, बदली बॅग देते म्हणते. ती घ्यावी का, आणि खरी आहे हे कसं ओळखावं? की आहे ती ओएलएक्सवर टाकून निम्मे तरी पैसे सोडवावेत?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई तिथेच होईल अशी मला भीती वाटते. ती बॅग विकू नका. स्वतः वापरायला नकली बॅग घेतली म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. पण नकली आहे हे कळल्यावर ती विक्रीला लावलीत, तर ट्रेडमार्क कायदा, १९९९ चं कलम १०४ तुम्हालाच लागतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. 'मला कल्पना नव्हती' हा बचाव कायद्यात आहे, पण तुमच्या पत्रात तुम्हीच तिला तीनदा 'नकली' म्हटलं आहे. शिवाय ती बॅग हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. कपाटात नीट ठेवा, दुरुस्तीलाही देऊ नका.

तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले. आतल्या चामड्याच्या पट्टीवर दोन अक्षरं आणि पुढे ६२८३ असे आकडे दाबलेले आहेत. लुई व्हिटॉनच्या २००७ नंतरच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा होतो, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे तुमची बॅग २०२३ च्या अडुसष्टाव्या आठवड्यात बनली, आणि असा आठवडा कुठल्याच वर्षात येत नाही. त्यातून कंपनीने हे कोड २०२१ मध्येच बंद करून बॅगेत मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. ते कार्डही विक्रेतीच्याच विरोधात जातं, कारण ही कंपनी बॅगेसोबत असं कार्ड देत नाही. हँडलचंही तेच. खऱ्या मोनोग्राम (एलव्ही अक्षरांच्या नक्षीच्या) 'स्पीडी'चं हँडल रंग न चढवलेल्या चामड्याचं असतं. हाताच्या घामाने आणि उन्हाने ते मधासारखं गडद होत जातं, त्याचे पापुद्रे निघत नाहीत.

मात्र तुमच्या नणंदबाईंचा मुद्दा तक्रारीत घालू नका. मागच्या बाजूला एलव्हीची अक्षरं उलटी आहेत म्हणून बॅग खोटी, असं त्या म्हणतात. 'स्पीडी'चं कापड बुडाखालून एकसंध जातं, त्यामुळे खऱ्या बॅगेतही मागची अक्षरं उलटीच दिसतात. एक चुकीचा मुद्दा लिहिला की समोरचा वकील त्यालाच धरून बसतो आणि बाकीचे चार खरे मुद्दे झाकोळतात.

या सगळ्यापेक्षा मला विक्रेतीने तुम्हाला पाठवलेली व्हॉइस नोट महत्त्वाची वाटते: 'ताई, डोळे मिटून घ्या, शंभर टक्के ओरिजिनल.' तुम्ही 'इतकी स्वस्त कशी?' असं विचारलंत, त्यावर तिचं हे उत्तर आहे. किंमत पाहूनच तुम्हाला कळायला हवं होतं, असं तिचा वकील म्हणणारच. तेव्हा तुमचा तो प्रश्न तुमच्या कामी येईल.

बिल नाही म्हणून धीर सोडू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद असलेलं बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. तिच्या पेजवर विक्रीला असलेल्या बाकी बॅगांचे स्क्रीनशॉटही आजच घ्या, कारण 'मी घरातली एकच बॅग विकली, मी व्यापारी नाही' असा पवित्रा ती घेऊ शकते. खरंच तसं असतं, तर तुम्हाला दिवाणी न्यायालयात जावं लागलं असतं.

आधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. दाद मिळाली नाही तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात किंवा ई-जागृती पोर्टलवर तक्रार करा. विक्रेती मुंबईची असली तरी तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. गरज वाटल्यास आयोग बॅग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. ती पेज बंद करून गायब झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या.

बदली बॅग घेऊ नका. घेतलीत तर 'प्रकरण आपसात मिटलं' असं ती म्हणेल आणि तीही नकली निघाली तर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर याल. तिने पाठवलेल्या फोटोखाली 'मिरर क्वालिटी, ७ए' असं लिहिलेलं तुमच्या नजरेतून सुटलं आहे. या धंद्यात नकली मालालाच ही नावं आहेत. लुई व्हिटॉन आपला माल फक्त स्वतःच्या दुकानांतून आणि वेबसाइटवरून विकते, म्हणून कुणी डीलर, फॅक्टरी सरप्लस किंवा कस्टममधून सुटलेला माल म्हणालं की तिथेच थांबायचं. मोबाइल जवळ नेल्यावर चिप सापडली, तरी त्यावर विसंबू नका, नकली बॅगांतही चिप घालतात. पुढे कधी वापरलेली बॅग घ्यायचीच झाली, तर मूळ दुकानाचं बिल आणि तज्ज्ञाचा लेखी दाखला पैसे देण्याआधी मागा. 'खोटी निघाल्यास पूर्ण रक्कम परत' हेही विक्रेत्याकडून लिहून घ्या.

सध्या तिला एवढाच मेसेज करा: 'बदली बॅग नको, ४२,००० रुपये परत करा.' पुढे फोनवर बोलू नका, जे असेल ते लिहून मागा. आणि नवा मोबाइल घ्यायचा म्हणता ना, तेव्हा जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका. चॅट आणि व्हॉइस नोट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, आणि ते त्या मोबाइलवरूनच होईल.