वाचकांचे प्रश्न : जेट स्कीची थरथर इंजिनातली की पंपातली?

प्रश्न : आमच्याकडे दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची जुनी जेट स्की आहे. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असल्याने ती जूनपासून शेडमध्ये उभी होती. हंगाम सुरू झाल्यावर पाण्यात उतरवली, तेव्हा जागेवर इंजिन नीट चालत होते. पण रेस वाढवली की पायांखाली जोराची थरथर सुरू होते आणि हँडलपर्यंत चढते. इंजिनाचा आवाज वाढतो, त्या मानाने वेग मात्र येत नाही. मे महिन्यात कर्ली खाडीच्या मुखाशी जाळ्याचा तुकडा आत ओढला जाऊन इंजिन झटक्याने बंद पडले होते. तो तुकडा आम्ही खालून हाताने काढला. आता मेकॅनिक क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनातला दांडा) गेला आहे असे सांगून इंजिन उतरवायला सांगत आहेत. खर्च मोठा आहे. काय करावे?
— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : इंजिन इतक्यात उतरवू नये. इंजिन, कपलिंग (इंजिन आणि शाफ्टमधला जोड), शाफ्ट आणि पंपातला इंपेलर (पाणी मागे फेकणारा पात्यांचा पंखा) हे सगळे एकाच रेषेत जोडलेले असल्यामुळे यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी पायांना थरथर सारखीच जाणवते, आणि म्हणून नुसत्या जाणिवेवरून क्रँकवर ठपका ठेवणे घाईचे ठरते. आपल्या पत्रातल्या दोन खुणा पंपाकडे नेतात. जागेवर इंजिन शांत आहे, म्हणजे भार पडल्यावरच दोष बोलतो. आणि आवाज चढूनही वेग येत नाही, म्हणजे इंपेलर पाण्याला पकड घेत नाही.

गाडी ट्रॉलीवर घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि पंप उतरवावा. खालच्या जाळीतून हात घालून जेवढे सूत आले तेवढेच आपण काढले असणार. उरलेले शाफ्टभोवती घट्ट गुंडाळले जाते, घर्षणाच्या उष्णतेने वितळते आणि प्लॅस्टिकच्या कड्यासारखे कडक होऊन बसते. टॉर्चच्या उजेडात ते शाफ्टचाच भाग वाटते, म्हणून नखाने खरवडून पाहावे. असेच बारीक सूत पंपाच्या सीलची रबरी ओठकडा कापते, तिथून खारे पाणी बेअरिंगमध्ये शिरते, आणि चार महिने गाडी उभी राहिली की बेअरिंग गंजते. मे महिन्यातल्या घटनेचा त्रास ऑक्टोबरमध्ये जाणवण्याचे हे अगदी संभवनीय कारण आहे. इंपेलर हाताने सावकाश फिरवावा. आत वाळू असल्यासारखी खरखर लागली, किंवा पंपातले तेल दुधाळ निघाले, तर बेअरिंग आणि सील दोन्ही बदलावे लागतील.

त्यानंतर इंपेलरच्या प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवावे. डोळ्याला न दिसणारा खाचा बोटाला लागतो. अशी कड कानशीने अंदाजाने घासून सरळ करण्याचा मोह होतो, पण तसे करू नये, कारण एका पात्याचे वजन कमी झाले की इंपेलरचा तोल जातो आणि मूळ थरथरीत नवी भर पडते. पात्याचे टोक आणि वेअर रिंग (इंपेलरभोवतीचे कडे) यांतली फट चारही बाजूंनी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी व आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडावी. साधारणपणे ही फट 1 मिलिमीटरच्या जवळ गेली, किंवा रिंगमध्ये खोल चरे पडले, तर पाणी मागे निसटते. आवाज चढूनही वेग न येण्याचे कारण बहुतेक इथेच सापडेल.

पंप आणि शाफ्ट बाहेर असतानाच इंजिन फक्त आठ-दहा सेकंद चालवून पाहावे. रेस हलकेच वाढवूनही ते सुरळीत चालले, तर आपला बराच खर्च वाचला. थरथर राहिली तर मात्र इंजिनाकडे वळावे, तेही सोप्याकडून अवघडाकडे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते आणि चार महिने कार्बोरेटरमध्ये राहिले की त्यातले जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) चोंदतात, त्यामुळे एखादे सिलिंडर मिसिंग करते, म्हणजे मधूनमधून पेटत नाही. दोन्ही प्लग काढून त्यांचा रंग शेजारी शेजारी ठेवून पाहावा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा. दोन सिलिंडरांतला फरक 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कपलिंगमध्ये रबर असेल, तर त्याच्याखाली काळी भुकटी सांडलेली दिसते का ते पाहावे, कारण ती झिजत्या रबराची असते. इंजिन फाउंडेशनचे रबर पहारीने हलकेच उचलून तपासावे. फाउंडेशन सोडावेच लागले, तर खालच्या शिमा (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) जिथल्या तिथेच परत बसवाव्यात. त्या हरवल्या की इंजिन आणि शाफ्टची रेषा बिघडते.

मेकॅनिकची शंका निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. अशा टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँक सुटे भाग दाबून जोडलेला असतो, आणि इंपेलर अचानक अडकला तर तो जोडावर किंचित पिळला जाऊ शकतो. परंतु हे पाहायला इंजिन उतरवावे लागत नाही. प्लगच्या भोकातून डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे माप) लावून आणि फ्लायव्हीलवर अंशांची चकती बसवून दोन्ही पिस्टनचे वरचे टोक बरोबर 180 अंशांच्या अंतराने येते का ते मोजता येते. मेकॅनिकना आधी हे माप दाखवायला सांगावे.

या रचनेत पिस्टन आळीपाळीने वरखाली होत असल्याने इंजिन मुळातच थोडे डोलते. त्यामुळे दुरुस्तीनंतर उरणारी हलकी, एकसारखी थरथर दोष समजू नये.

प्रश्न : किनाऱ्यावर नळी लावून इंजिन चालवताना पाणी आधी सोडावे की इंजिन आधी सुरू करावे? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : इंजिन आधी सुरू करावे आणि लगेच नळ सोडावा, बंद करताना नळ आधी, इंजिन नंतर. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला, तर पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा धूर नसतो आणि ते मागे फिरून सिलिंडरमध्ये उतरू शकते. नळ बंद केल्यावर रेस दोन-तीनदा थोडी वाढवून उरलेले पाणी बाहेर काढावे, पण पाण्याशिवाय इंजिन 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नये.