पेन्शनच्या नोंदीत पूर्वजाचं आडनाव वेगळं आहे. बदल कुठे शोधू?

पूर्वज डच ईस्ट इंडीजच्या (आजचा इंडोनेशिया, तेव्हाची डच वसाहत) सैन्यात असेल, तर आधी हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली वसाहत मंत्रालयाची सैनिक-नोंदवही आणि पेन्शन रजिस्टर ताडून पाहा, मग ‘याव्हासे कूरांट’ हे सरकारी राजपत्र चाळा. कारण ईस्ट इंडीजच्या नागरी कायद्यानुसार गव्हर्नर जनरलच्या परवानगीशिवाय आडनाव बदलता येत नसे, आणि अर्जाची सूचना राजपत्रात आल्यावर किमान 4 महिने थांबावं लागे. उलटी नावंही तपासाच. अनौरस मुलांना बापाचं आडनाव कधीकधी उलटं करून दिलं जाई. ‘रेमरेव’ (Rhemrev) म्हणजे ‘फेरमेर’ (Vermehr), रोमन अक्षरं मागून वाचली की लगेच दिसतं. मात्र बापाने मुलाला नंतर कायदेशीर मान्यता दिल्यामुळे आडनाव बदललं असेल, तर राजपत्रात वेळ घालवू नका. जन्मनोंदीचा समास बघा.