चेंडू निसटतात, रुमाल दिसतो

प्रश्न : वस्तीतल्या समाजभवनात मुलांचा सर्कस आणि जादूचा कार्यक्रम आहे. टेनिसच्या तीन चेंडूंची झेलाझेली दोन फेऱ्यांतच कोलमडते. जादूच्या वेळी बाजूला बसलेल्यांना मुठीतला रुमाल दिसतो. काय करावं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी चेंडू बदला. टेनिसचा चेंडू हलका, शिवाय उसळतो. छोट्या प्लास्टिक पिशवीत 120 ग्रॅम तांदूळ घट्ट गुंडाळा, चिकटपट्टी लावा आणि देठ कापलेले दोन फुगे विरुद्ध बाजूंनी चढवा. असा चेंडू तळव्यात थप्पकन बसतो आणि पडला तरी लांब पळत नाही.

खरी चूक मात्र दुसऱ्या फेकीत असते. घाईत मुलं दुसरा चेंडू वर न फेकता नुसता दुसऱ्या हातात सरकवतात, मग तिसऱ्याला जागाच उरत नाही. पहिला चेंडू कपाळापर्यंत जाऊन खाली वळला, की मगच दुसरा, त्याच्या आतून आणि तेवढाच उंच. दोन चेंडूंनी ‘फेक, फेक, झेल, झेल’ सलग दहादा जमल्याशिवाय तिसरा हातात देऊच नका. चेंडू पुढे पळत असतील तर मुलाला भिंतीकडे तोंड करून, हातभर अंतरावर उभं करा.

उन्हाळ्यात कूलरचं तोंड स्टेजकडे नको. ओलसर हवेत फुगे तळव्याला चिकटतात, रेशमी रुमालही भलत्या वेळी फडफडतो.

रुमालाच्या जादूसाठी बाजूच्या खुर्च्या समोर आणा. झेलाझेली तिन्ही बाजूंनी बघता येते, मुठीतली जादू नाही.