जुनं रेव्हन एमपी-२५ पिस्तूल सारखं अडकतं. साफसफाई करून ते भरवशाचं होईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: टेक्सासमध्ये ओळखीच्या एका गृहस्थांकडे रेव्हन एमपी-२५ आहे, ७५ डॉलरला द्यायला ते तयार आहेत, दर मॅगझिनमागे एखादं काडतूस अडकतं हे तेच सांगतात, आणि साफसफाई, नव्या स्प्रिंगा वगैरे करून ते घरात संरक्षणासाठी ठेवावं का.

अडकणं बरंच कमी करता येईल. तरीही संरक्षणासाठी हे घेऊ नका. अशा पिस्तुलाचा खरा धोका ते ऐन वेळी उडत नाही एवढाच नाही. ते अडकतं, आणि अडकलेलं मोकळं करताना माणसाला गोळी लागते. म्हणून काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, हे वेगवेगळं सांगतो.

त्याआधी कायद्याची एक बाब, कारण इथले अनेक वाचक एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगताच येत नाहीत. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. टेक्सासचा कायदा कितीही सैल असला तरी ही बंदी लागू राहते. ग्रीन कार्डधारकांना ती नाही. तुम्ही कोणत्या गटात आहात ते तुम्हालाच ठाऊक. नसेल तर आधी वकिलाला विचारा.

आता पिस्तूल. १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने युरोपातून येणाऱ्या स्वस्त छोट्या पिस्तुलांची आयात बंद केली, पण देशात ती बनवायला बंदी घातली नाही. ती जागा १९७० साली जॉर्ज जेनिंग्ज यांच्या रेव्हन आर्म्सने भरली. पुढे लॉस एंजेलिसच्या आसपास जेनिंग्ज, डेव्हिस, लॉर्सिन, ब्रायको, फिनिक्स अशा कंपन्यांची रांगच उभी राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले डॉक्टर गॅरन विंटेम्यूट यांनी १९९४च्या अहवालात त्यांना ‘रिंग ऑफ फायर’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. रेव्हनचा कारखाना १९९१च्या आगीनंतर बंद झाला. म्हणजे तुमच्यासमोर आहे ते पिस्तूल तीसहून अधिक वर्षांचं आहे आणि त्याची मूळ कंपनी आता नाही.

स्वस्ताईचं कारण धातू. फ्रेम आणि स्लाईड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) झामॅकची, म्हणजे जवळपास ४ टक्के ॲल्युमिनियम असलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात दाबाने ओतलेली. हा धातू ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. इलिनॉयसारख्या राज्यांनी ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४२७ अंश सेल्सिअसच्या खाली वितळणाऱ्या जस्ताच्या पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच पिस्तुलांना समोर ठेवून. गोळी झाडताना पिस्तूल काही वितळत नाही. नळी पोलादीच असते. त्रास झिजेचा आहे. स्लाईडच्या घसरपट्ट्या, पिनांची भोकं, स्प्रिंग टेकते ती जागा, सगळं मऊ धातूत आहे. पोलादी पिन जस्ताच्या भोकात रोज ठोके देते तेव्हा भोक लांबट होतं, आणि लांबट झालेलं भोक कोणी पूर्ववत करत नाही.

यंत्रणा साध्या ब्लोबॅकची. स्लाईडला कुलूप नाही. तिचं वजन आणि तिला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग एवढ्यावरच ती थोपवलेली असते. यात लागणाऱ्या .२५ एसीपी काडतुसाची ५० ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने निघते. एवढ्या छोट्या धक्क्यात स्लाईडने मागे जायचं, रिकामी पुंगळी फेकायची, स्प्रिंग दाबायची आणि परतताना नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, ढकलायचं. वाळलेलं तेल, थोडी सैल मनगटाची पकड, जुनं काडतूस, यातलं काहीही त्या धक्क्यातला वाटा खातं आणि स्लाईड अर्ध्यावरून परत फिरते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात अशा चुका पचवायला ताकद शिल्लक असते, इथे नसते.

काडतुसाबाबत मात्र .२५ला नाहक दोष दिला जातो. ब्राउनिंगने ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलं तेव्हा हेतूच .२२पेक्षा खात्रीचं काडतूस देण्याचा होता. .२२ लाँग रायफलमध्ये स्फोटक मसाला कडेच्या पोकळ घडीत पसरवलेला असतो. तो कुठे विरळ राहिला आणि काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन नेमकी तिथे आपटली की नुसतं ‘खट्’. .२५मध्ये प्रायमर, म्हणजे घावाने पेटणारी टोपी, मध्यभागी असतो, त्यामुळे काडतूस न फुटण्याचं प्रमाण कमी. शिवाय .२२ची कड पुंगळीच्या बाहेर सर्व बाजूंनी ०.६६ मिलिमीटर येते, .२५ची फक्त ०.३, आणि .३२ एसीपीची त्याहून किंचित कमी. (भारतात परवान्यावर मिळणारं ‘अशनी’ पिस्तूल याच .३२ एसीपीचं.) ही कड महत्त्वाची, कारण मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर स्लाईड वरचं पुढे ढकलते तेव्हा ते खालच्याला अडतं आणि सगळं ठप्प. .२२मध्ये हे सर्वांत जास्त होतं. म्हणून जेनिंग्ज जे-२२सारख्या .२२च्या भावंडांची कीर्ती रेव्हनहून वाईट आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

आता निदान. आधी रिकामं करा: मॅगझिन बाहेर, मग स्लाईड मागे, डोळ्यांनी बघा आणि करंगळीच्या टोकानेही चाचपा. हा क्रम उलटा केला तर स्लाईड परत येताना नवं काडतूस चेंबरमध्ये बसतं. रेव्हनची स्लाईड शेवटच्या गोळीनंतर मागे थांबत नाही, त्यामुळे ते रिकामं दिसत नाही, तपासावंच लागतं.

मग नेमकं कितवं काडतूस अडकतं ते लिहून ठेवा. नेहमी शेवटचं किंवा त्याआधीचं अडकत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकलेली आहे. काडतूस वेळेत वर येत नाही. भरलेल्या मॅगझिनमधलं पहिलंच अडकत असेल तर बहुधा रिकॉइल स्प्रिंग मेली आहे, तिला घट्ट दाबलेलं काडतूस खेचवत नाही. कुठलंही, कधीही अडकत असेल तर मॅगझिनचे ओठ बघा. दोन्ही सारखे आणि समांतर हवेत. एखादा पसरला असेल तर काडतूस तिरपं उठतं आणि त्याचं टोक चेंबरच्या वरच्या कडेला आपटतं. ओठ पक्कडीने वाकवत बसण्यापेक्षा दुसरं मॅगझिन लावून बघा. माझ्या मते या पिस्तुलांचा सर्वांत मोठा गुन्हेगार मॅगझिनच असतं, आणि तपासायला सर्वांत सोपंही तेच.

पुंगळी बाहेर पडण्याच्या स्लाईडमधल्या खिडकीत ती उभी अडकत असेल तर दोन शक्यता: स्लाईड पूर्ण मागे जात नाही किंवा पुंगळी फेकली जात नाही. रेव्हनमध्ये पुंगळी फेकण्यासाठी वेगळा भाग नाही. स्लाईड मागे जाते तेव्हा फायरिंग पिनचंच टोक पुढे राहून पुंगळीला ठोसा देतं. पिनचं टोक घासलं की दोन कामं एकदम बिघडतात: फेकणंही आणि प्रायमरवरचा घावही. न फुटलेल्या काडतुसाचा प्रायमर बघा. खळगा नीट खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर पिनची स्प्रिंग थकली, किंवा पिनच्या बोगद्यात घाण भरली, किंवा स्लाईड पूर्ण मिटलीच नव्हती. पुंगळी चेंबरमध्येच राहत असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, नखाखालचा मळ टोकदार लाकडी काडीने काढा आणि चेंबर ब्रशने घासा.

पिनच्या बोगद्यात तेल किंवा ग्रीस घालू नका, तो कोरडाच हवा. पिन दर गोळीला पुढे येत असल्यामुळे जळकी पूड तिच्या मागोमाग आत शिरते आणि तेलात मिसळून तिचा चिकटा होतो. पिन पुढे आलेल्या अवस्थेत अडकली तर स्लाईड मिटतानाच काडतूस फुटू शकतं, चापाला हात न लावता. घसरपट्ट्यांवर मात्र तेलाचा पातळ हात द्या. तीव्र अल्कली किंवा आम्ल असलेले क्लीनर जस्त खातात, आणि क्रोमच्या मुलाम्याखाली फोड येतात. साधं गन सॉल्व्हंट आणि कापड पुरे.

नव्या स्प्रिंगा घ्यायच्या तर मूळ जोराच्याच घ्या. ‘आणखी कडक’ स्प्रिंग लावली की स्लाईड कमी मागे जाते, म्हणजे अडकणं वाढतं, आणि परतताना जस्तावर जास्त जोराने आदळते. स्प्रिंगेचे वेढे कापणं, सिअर (ताणलेली पिन अडवून धरणारा तुकडा) घासून चाप हलका करणं, हे इथे सरळ धोकादायक आहे. काडतुसं नवी, ५० ग्रेनची, पूर्ण तांब्याच्या आवरणाची आणि गोल टोकाची वापरा. पोकळ टोकाची चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर अडतात. .२५ची पेटी बहुतेकदा ९ मिलिमीटरपेक्षा महाग पडते, म्हणून लोक सराव करत नाहीत आणि कपाटातली कित्येक वर्षांची काडतुसं भरतात. बऱ्याच तक्रारी तिथून येतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी रेंजवर. पहिल्यांदा एकच काडतूस, मग दोन, आणि दोन्ही एकाच चापात उडत नाहीत ना हे पाहूनच पूर्ण मॅगझिन. एका चापात दोन उडाली तर तिथेच थांबा, ते पिस्तूल पुन्हा भरू नका. ‘खट्’ झालं तर नळी निशाण्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग मोकळं करा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीतच असू शकते. नळी आरपार तपासल्याशिवाय पुढची झाडू नका. मोजपट्टी हवी असेल तर कॅलिफोर्नियाची घ्या. २००१पासून तिथे विक्रीसाठी नव्या मॉडेलला ६०० गोळ्यांची कसोटी आहे: पहिल्या २० विनाअडथळा, एकूण ६हून जास्त बिघाड नकोत, कुठे तडा नको. शिवाय साधारण एक मीटर उंचीवरून वेगवेगळ्या बाजूंनी पाडायची चाचणी.

पाडण्याच्या चाचणीचा मुद्दा दुरुस्तीने सुटत नाही. रेव्हनमध्ये फायरिंग पिनला वेगळा अडसर नाही. ताणलेली पिन फक्त सिअरवर अडलेली, आणि सिअरची पिन जस्ताच्या भोकात. सिअरची पकड झिजली की जमिनीवर पडल्यावर पिस्तूल उडू शकतं. बाहेरून हे दिसत नाही, आणि सेफ्टीची कळ लावली तरी पकड वाढत नाही. म्हणून चेंबर भरून ते ठेवायचंच नाही. आणि चेंबर रिकामं म्हणजे रात्री घाबरलेल्या हातांनी छोटी, निसरडी स्लाईड ओढायची, आणि ती नेमकी काडतूस भरतानाच अडकते.

मोकळं करतानाचं संकट किती खरं आहे याचं नोंदलेलं उदाहरण आहे. १९९४ साली कॅलिफोर्नियात ब्रायको मॉडेल ३८ रिकामं करताना गोळी सुटली आणि सात वर्षांच्या मुलाला कायमचा पक्षाघात झाला. त्या मॉडेलमध्ये चेंबर रिकामं करायला सेफ्टी काढावीच लागायची. २००३ साली ज्युरीने रचनेतला दोष मान्य केला, कंपनीच्या बाजूच्या लोकांवर सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचा वाटा टाकला, आणि ब्रायको दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत कंझ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनला बंदुकांवर अधिकारच नाही. सदोष इस्त्री ते परत मागवायला लावू शकतात, सदोष पिस्तूल नाही. सगळा भार बनवणाऱ्यावर. रुगरच्या एलसीपीमध्ये २००८ साली पडल्यावर उडण्याची शक्यता निघाली, तेव्हा कंपनीने ती परत मागवून सुधारून दिली. रेव्हनचं तसं करायला कोणी उरलेलं नाही.

छोटंच हवं असेल तर थोडे पैसे साठवून चालू कंपनीचं .३८०चं पिस्तूल घ्या. मनगटात ताकद कमी असेल आणि स्लाईड ओढवत नसेल तर .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर बघा: काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप दाबायचा, पुढचं चेंबर येतं. चाप जड लागेल, तो सरावाने जमतो. .२५चाच आग्रह असेल तर बरेटा ९५० शोधा. तिची नळी पुढच्या टोकाशी बिजागरीवर असते आणि मागचं टोक वर उघडतं, म्हणजे स्लाईड न ओढता एक काडतूस थेट चेंबरमध्ये ठेवता येतं आणि न फुटलेलं तसंच बाहेर काढता येतं. जुनं घेताना नळीची खिटी घट्ट बसते का ते तेवढं तपासा, आणि घेतल्यावर दोनशे गोळ्या झाडून मगच घरात ठेवा.