हेल्मेटवरचे पंख, पाहुण्यांचा पांढरा आणि उडणारा नारिंगी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या पोशाखांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : मिशिगनच्या हेल्मेटवर कपाळाशी पिवळे पंख आणि तिथून मागे जाणारे तीन पट्टे आहेत. ही नुसती सजावट आहे का?

सुरुवात उपयोगातून झाली. फ्रिट्झ क्रिस्लर १९३८ साली प्रशिक्षक म्हणून प्रिन्स्टनहून मिशिगनला आले. प्रिन्स्टनला १९३५ मध्ये त्यांनी असंच हेल्मेट वापरलं होतं. तेव्हा हेल्मेटं चामड्याची असत. क्रिस्लर यांनी घेतलेल्या स्पॉल्डिंग कंपनीच्या हेल्मेटला कपाळावर पंखाच्या आकाराचा चामड्याचा जादा थर शिवलेला होता आणि डोक्यावरून मागे तीन पट्ट्या जात होत्या. त्यांनी हा शिवलेला भाग मक्याच्या दाण्यासारख्या पिवळ्या रंगात रंगवला आणि बाकीचं हेल्मेट निळं केलं. म्हणजे नक्षी कोणी वेगळी काढली नाही, हेल्मेटच्या शिवणीतच ती होती.

उद्देश असा की, पास टाकणाऱ्याने मान वर केली की दूर पळणारा आपला गडी चटकन ओळखू यावा. मैदानावरची इतर हेल्मेटं बहुतेक एकरंगी असायची, त्यांत पिवळे पंख लगेच डोळ्यांत भरत. पुढे प्लास्टिक आलं, शिवण गेली, पण नक्षी टिकली. आता तिला आधाराला काही नसतं, ती गुळगुळीत कवचावर मोजमापाने उतरवावी लागते. नव्या कवचांना हवेची भोकं, उंचवटे असतात. एका प्रचलित मॉडेलमध्ये तर कपाळाच्या वर दाबल्यावर किंचित हलणारी वेगळी पट्टीच कापलेली असते. तिच्यावरून रेषा सरळ नेणं हे कसबाचं काम आहे.

डेलावेअरचं पंखवालं हेल्मेट याच घराण्यातलं. क्रिस्लर यांच्या हाताखाली खेळलेले डेव्ह नेल्सन प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी ते तिकडे नेलं. प्रिन्स्टननेही १९९८ मध्ये नारिंगी-काळ्या रंगात ते पुन्हा आणलं.

प्रश्न : ओहायो स्टेटच्या हेल्मेटवर हंगाम पुढे सरकतो तशी पानांची गर्दी का होते?

ती बकाय (इंग्रजीत buckeye) नावाच्या झाडाची पानं आहेत, म्हणजे पानांचे छोटे स्टिकर. चांगल्या कामगिरीबद्दल प्रशिक्षक ते खेळाडूला देतात. १९६८ मध्ये प्रशिक्षक वूडी हेज यांच्या काळात ही पद्धत सुरू झाली. हंगामाच्या पहिल्या सामन्यात रुपेरी हेल्मेट कोरं असतं, शेवटी एखाद्याचं पानांनी भरून जातं. पूर्ण आकाराची प्रतिकृती करत असाल तर पानं सगळीकडे सारखी पसरू नका. खऱ्या हेल्मेटवर ती ओळीने, एकमेकांना लागून भरत जातात.

प्रश्न : विद्यापीठांचे रंग कसे ठरले? कधी कधी दोन-तीन संघांचा नारिंगी मला सारखाच वाटतो.

ओळख पटावी हे पहिलं कारण. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला कॉलेज फुटबॉल सामना झाला, तेव्हा गणवेश नव्हतेच. रटगर्सच्या मुलांनी लाल भडक रुमाल डोक्याला गुंडाळले. हार्वर्डचा किरमिजी तर फुटबॉलच्याही आधीचा. १८५८ च्या नौकाशर्यतीत काठावरच्या प्रेक्षकांना आपली नाव ओळखता यावी म्हणून वल्हेकऱ्यांना लाल रेशमी रुमाल दिले गेले. विद्यापीठाने त्यावर अधिकृत शिक्कामोर्तब केलं ते थेट १९१० मध्ये.

दुसरं कारण म्हणजे हाताशी काय मिळतं आणि आधी कोणी काय घेतलंय. ओहायो स्टेटच्या विद्यार्थ्यांनी १८७८ मध्ये नारिंगी-काळा जवळपास ठरवला होता, पण तो प्रिन्स्टनचा निघाला, म्हणून लाल आणि राखाडी आला. लुइझियाना स्टेटबद्दल असं सांगतात की, १८९३ मध्ये पहिल्या सामन्याआधी संघासाठी रिबिनी आणायला दोघं दुकानात गेले. तिथे मार्दी ग्रा उत्सवासाठी जांभळा, सोनेरी आणि हिरवा माल भरला जात होता, पण हिरवा अजून पोचलाच नव्हता. उरलेले दोन रंग विद्यापीठाचे झाले.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे कापड धुतल्यावर काय होतं. पेन स्टेटचे १८८७ मधले रंग गुलाबी आणि काळा होते. गुलाबी उन्हात उडून पांढरट व्हायचा असं सांगितलं जातं. १८९० पासून तिथे निळा-पांढरा आहे. टेक्ससचंही तेच. त्यांच्या उजळ नारिंगी जर्सी हंगामभर धुऊन पिवळ्या पडत आणि प्रतिस्पर्धी त्यावरून डिवचत. ‘पिवळ्या पोटाचा’ म्हणजे तिकडे भित्रा. १९२८ मध्ये प्रशिक्षक क्लाइड लिटलफील्ड यांनी गडद, भाजल्यासारखा नारिंगी रंगवून घेतला. तो रंग पुढे महाग पडू लागला तसा संघ पुन्हा उजळ नारिंगीकडे वळला. नंतरचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांनी १९६२ मध्ये गडद छटा परत आणली, ती आजतागायत आहे.

आता तुमच्या शंकेबद्दल. छपाईत रंग क्रमांकाने ओळखण्याच्या पँटोन पद्धतीत टेक्ससचा नारिंगी १५९, टेनेसीचा १५१. शेजारी ठेवले तर गोंधळ होणार नाही, पडद्यावर मात्र होतो. पँटोनचा आकडा मुळात कागदावरच्या शाईचा आहे. जाळीदार पॉलिएस्टर रंग वेगळा शोषतं, हेल्मेटवरचा चकचकीत लेप वेगळा परावर्तित करतो. दिवसाउजेडी जुळणारे दोन नमुने रात्रीच्या दिव्यांखाली वेगळे दिसू शकतात. म्हणून कापडाचा आणि कवचाचा नमुना दोन्ही प्रकाशांत तपासून मगच मंजूर करावा. सोनेरी सगळ्यात अवघड. कवचावर धातूची चमक आणता येते, कापडावर ती तशी उतरत नाही, आणि विजार कळकट दिसते. नोत्र दामचं सोनेरी हेल्मेट तिथले विद्यार्थी-व्यवस्थापक कित्येक वर्षं सामन्याआधी स्वतः रंगवत. २०११ मध्ये विद्यापीठाच्या सोनेरी घुमटाशी जास्त मिळतंजुळतं नवं रंगकाम बाहेरून करून घेतलं, तेव्हा ते थांबलं.

प्रश्न : पाहुणा संघ पांढऱ्यात हा नियम आहे ना? मग लुइझियाना स्टेट घरच्या मैदानावर पांढऱ्यात कशी?

दोन संघांच्या जर्सी एकमेकींपासून ठळक वेगळ्या दिसल्या पाहिजेत, हा गाभा. पाहुण्यांनी पांढरं घालणं हा त्याचा सोपा मार्ग. लुइझियाना स्टेट १९५८ पासून घरी पांढरं घालत होती. १९८३ मध्ये यजमानांनी रंगीतच घालावं असा नियम झाला आणि ही परंपरा तुटली. प्रशिक्षक जेरी दिनार्डो यांच्या खटपटीने १९९५ पासून, पाहुण्यांची संमती असेल तर, यजमानांना पुन्हा पांढरं घालता येऊ लागलं.

दोन्ही संघांनी रंगीत घालण्याची जुनी रीत लॉस एंजेलिसमधल्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांची. २००८ मध्ये यूएससीने पाहुणे असूनही मुद्दाम लाल घातलं आणि दंड म्हणून एक टाइमआउट (खेळ थांबवून घेण्याची मोजकी संधी) गमावला. यूसीएलएचे प्रशिक्षक रिक न्यूहायझेल यांनीही लगेच आपला एक टाइमआउट घेऊन टाकला, म्हणजे हिशेब बरोबरीत. असा दिलदारपणा या खेळात क्वचित दिसतो. पुढच्याच वर्षी नियम सैल झाला.

रंगापेक्षाही आकड्यांकडे लक्ष द्या. छातीवरचा आकडा निदान ८ इंच, पाठीवरचा १० इंच उंच, आणि जर्सीच्या रंगातून स्पष्ट उठून दिसणारा हवा. काळ्यावर गडद राखाडी आकडा छायाचित्रात झकास दिसतो, पण पंचांना वाचता येत नाही. त्यांना तो वाचावाच लागतो, कारण किकचे डाव सोडले तर चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेत ५० ते ७९ क्रमांकाचे निदान पाच गडी हवेत, आणि या क्रमांकांच्या खेळाडूंना पुढे टाकलेला पास झेलता येत नाही.

प्रश्न : शोभेसाठी पूर्ण आकाराच्या हेल्मेटवर मधला पट्टा आणि चिन्हं लावतोय. चिन्हाच्या कडांना सुरकुत्या पडतात. काय चुकतंय?

चूक आकाराची आहे. कवच दोन्ही दिशांनी गोल, स्टिकर सपाट. मधला भाग ताणला नाही तर कडेला जादा माल जमणारच. त्यात खेळासाठीचे स्टिकर सुमारे ०.५ मिलिमीटर जाड, म्हणजे ताठ.

आधी फेसमास्क (तोंडापुढची जाळी) आणि कपाळावरची रबरी पट्टी स्क्रू काढून बाजूला ठेवा. भांड्याच्या साबणाने कवच धुऊन वाळवा, मग धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. ॲसिटोन किंवा थिनर अजिबात नको. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात, एबीएस प्लास्टिक मऊ पडतं.

मध्यरेषेसाठी शिंप्याची टेप एका कानाच्या भोकापासून डोक्यावरून दुसऱ्या भोकापर्यंत धरा आणि निम्म्यावर खूण करा. कपाळाच्या आणि मानेच्या कडेलाही मध्य काढा, तिन्ही खुणा बारीक मास्किंग टेपने जोडा. पट्टा टाळूवरून सुरू करून आधी पुढे, मग मागे न्या. मागचा कागद एका वेळी १०-१२ सेंटिमीटरच सोडवा. एका टोकापासून सुरू केलं तर मिलिमीटरभराची चूक दुसऱ्या टोकाला बोटभर होते.

चिन्हासाठी त्याच आकाराचा कागद कापून टेपने चिकटवा, कानाचं भोक आणि पुढची कड या दोन्हींपासून अंतर मोजा आणि तेच दुसऱ्या बाजूला घ्या. प्राण्याचं तोंड दोन्हीकडे पुढेच हवं, म्हणून डावं-उजवं चिन्ह आरशातल्यासारखं उलट मागवा. अक्षर मात्र उलटं करता येत नाही.

आता सुरकुत्या. पृष्ठभागावर साबणाचे दोन-चार थेंब घातलेलं पाणी फवारा, म्हणजे स्टिकर सरकवून जागेवर आणता येईल. हेअर ड्रायरने २०-३० सेकंद ऊब द्या, मधोमध अंगठ्याने दाबा आणि कापडाच्या बोळ्याने बाहेरच्या दिशेने पाणी काढत जा. कड उचलली की पुन्हा ऊब, पुन्हा दाब. तरीही घडी राहिली तर नक्षीतल्या एखाद्या रेषेवर धारदार पात्याने छोटी चीर द्या आणि दोन्ही कडा किंचित एकमेकींवर आणा. भोकावर आलेल्या भागाला फुलीसारखी चीर देऊन भोकाच्या कडेने कापा. मधला पट्टा मात्र कोरडाच लावा, ओला पट्टा रेषेवरून घसरतो. फेसमास्क बसवायला एक दिवस थांबा.

हे सगळं शोभेच्या हेल्मेटपुरतं. खेळायच्या हेल्मेटला उत्पादकाने मान्य न केलेला रंग किंवा रसायन लावलं की कवच कमकुवत होऊ शकतं आणि सुरक्षेचं प्रमाणपत्र बाद होतं.

प्रश्न : जॉर्जिया विद्यापीठाचा ‘जी’ ग्रीन बे पॅकर्सचाच आहे का?

कल्पना या व्यावसायिक फुटबॉल संघाचीच, पण परवानगीने. पॅकर्सचा ‘जी’ १९६१ चा. १९६४ मध्ये जॉर्जियाचे नवे प्रशिक्षक व्हिन्स डूली यांनी हेल्मेट रुपेरी होतं ते लाल केलं. त्यांच्या सहायक प्रशिक्षकाच्या पत्नी ॲन डोनाल्डसन यांनी ‘जी’ रेखाटला, आणि तो पॅकर्सच्या चिन्हाशी मिळताजुळता असल्याने डूलींनी त्यांची संमती घेतली. स्टिकर मागवताना रंग तपासून घ्या : जॉर्जियाचं अक्षर काळं, पांढऱ्या अंडाकृतीवर, आणि पॅकर्सचं पांढरं, हिरव्यावर.