भाड्याच्या घरात महागडी सायकल आहे, तिचा विमा कसा काढावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जळगावात भाड्याने राहता, नव्वद हजारांची गिअरची सायकल जिन्याखाली उभी असते आणि घरमालकाने घराचा विमा काढलाय, त्यात ती धरली जाईल का. नाही धरली जाणार. मालकाचा विमा त्याच्या इमारतीचा आणि त्याच्या सामानाचा. तुमच्या सामानाची पॉलिसी तुम्हालाच काढावी लागेल. त्यासाठी घर स्वतःच्या नावावर असायची गरज नाही.

मी भुसावळला विम्याचंच काम करतो आणि रविवारी सायकलही चालवतो. एजंट बहुतेक 'भारत गृह रक्षा' पुढे करेल. ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे एकाच मसुद्याची आहे. आग, पूर, भूकंप यांसाठी चांगली, पण चोरी तिच्यात फक्त अशा आपत्तीनंतर ७ दिवसांच्या आत, तिच्यामुळेच झालेली धरतात. एरवी रात्री सायकल गेली तर काही मिळत नाही. तुम्हाला हवी घरफोडीचा विभाग असलेली 'हाउसहोल्डर्स पॅकेज' पॉलिसी. तिच्यात बऱ्याचदा पेडल सायकलसाठी वेगळा विभाग असतो, पण तो आपण मागितल्याशिवाय कोणी घालत नाही.

आता तुमच्या जिन्याखालच्या जागेचं. घरफोडीच्या दाव्यात सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, आधी तुटलेलं कुलूप, उचकटलेली कडी किंवा वाकवलेले गज बघतो. जिन्याखालून, ओट्यावरून सायकल नुसती उचलून नेली तर फोडलं काय, हा पहिला प्रश्न. मे महिन्यात आपल्याकडे अख्खं घर गच्चीवर झोपतं आणि खालचं दार नुसतं लोटलेलं असतं, तिथेही हीच अडचण. म्हणून सायकल खोलीत घ्या, दाराला कुलूप लावा. टायरच्या चिखलावरून घरमालकीण बोलेल, बोलू द्या.

घरचा विमा साधारण घरापुरताच. तोरणमाळच्या घाटात पडलात किंवा मुक्कामाच्या ठिकाणाहून सायकल गेली, तर त्यासाठी खास सायकलची पॉलिसी लागते. तिच्या अटी नीट वाचा: शर्यतीतलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, आणि बाहेर लावताना खांबाला किंवा रेलिंगला साखळीने बांधलेली असावी, अशी अट बरेचदा असते. फक्त घर ते ऑफिस एवढंच चालवत असाल तर हा जादा खर्च मी करणार नाही.

बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या. सायकल उलटी केली की पेडलच्या एक्सलखाली तो सहसा कोरलेला दिसतो. जुनी घेतली असेल तर विकणाऱ्याच्या सहीची पावती ठेवा. भाडेकरारही जपून ठेवा, सामान त्या पत्त्यावर होतं हे दाखवायला लागतो. भरपाई घसारा (वापरामुळे उतरलेली किंमत) वजा करून देतात की नव्याच्या किमतीने, हे पॉलिसी घेण्याआधीच विचारा.

चोरी झालीच तर पोलीस ठाण्यात साधा अर्ज देऊन परतू नका. गुन्हा नोंदवून घ्या, फिर्यादीत फ्रेम नंबर घाला आणि एफआयआरची प्रत मागा, ती फिर्यादीला मोफत मिळते. कंपनीला त्याच दिवशी ईमेल टाका.